पोवाड्याला फितूर लागतो

आबा, तुम्हाला मिशा आल्या आहेत. चांगल्या झुपकेदार, टोकं वर वळवलेल्या. जन्मभर तुम्ही ओठ तासून ठेवलात, आणि तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाल्यावर मुंबईच्या एका साप्ताहिकानं तुम्हाला मिशा चिकटवल्या. चित्रात तुमच्या हातात रेल्वेची हातबत्ती आहे, मागं डोंगर आहे, डोंगरावर कारण नसताना एक ताडाचं झाड आहे, आणि खाली लिहिलंय, 'लोणावळ्याचा फितूर सांधेवाला'. अंक आज टपालानं शाळेत आला. तो आधी शिपायानं वाचला, मग हेडबाईंनी वाचला, मग माझ्या हातात पडला.  मधल्या सुट्टीत मी तो दोनदा वाचला आणि पोरी वर्गात यायच्या आत टेबलाच्या खणात टाकला. आता घरी आणलाय आणि तुम्हाला लिहायला बसले आहे. रॉकेल रेशनवर आहे, तेव्हा उजेड आहे तोवर लिहीन.

ही सगळी माझीच करणी. महिन्यापूर्वी त्या साप्ताहिकाचा एक तरुण शाळेत आला होता. गळ्यात कॅमेरा, पायात पांढरे बूट, आणि लोणावळ्याच्या चिखलानं त्या बुटांचं काय केलं होतं ते सांगायला नको. गाजलेल्या जुन्या खुनांवर तो लेखमाला लिहीत होता. मुंबईत भर रस्त्यावर मोटार अडवून एका शेठजींना मारलं, बरोबर एक गाणारी बाई होती, आणि मागं कुठल्याशा संस्थानाचं नाव येत होतं, तोच तो खून. त्याच्याबद्दल इथं प्रत्येकानं त्याला वेगळंच ऐकवलं होतं. टांगेवाल्यानं तुंगार्लीतली एक खिडकी दाखवली. चिक्कीवाल्यानं सांगितलं की शेठजींनी शेवटची चिक्की त्याच्याच दुकानातून नेली, आणि ते दुकान तर लढाई सुरू झाल्यानंतरचं. कुणी म्हणालं, बंगल्यातली माळीण मारेकऱ्यांना फितूर होती; कुणी म्हणालं, स्टेशनावर रूळ बदलणारा सांधेवाला. त्यानं वही उघडून मला विचारलं, "बाई, तुम्ही इथल्या, शिकलेल्या. खरं कोण?" मी म्हटलं, "सांधेवाला. माझे वडील होते ते." त्याची पेन्सिल जागच्या जागी थांबली. वर्गात पोरी बेरजा करत होत्या आणि सगळ्यांचे कान बाहेर होते.

फितूर कुणीच नव्हतं. लोणावळ्याचा त्या खुनाशी सुतळीइतकाही संबंध नव्हता. हे तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, मावशीला ठाऊक होतं. उरलेल्या मावळाला ते पटवायला तुम्ही निघालात आणि काय होऊन बसलं, ते मला आज एकदा सरळ लिहून काढायचं आहे.

तुमची वर्तमानपत्रं आठवतात मला. घाट चढउतार करणाऱ्या गाड्या लोणावळ्याला थांबायच्या, इंजिनं जोडायची-सोडायची, तोवर लोक पाय मोकळे करायला उतरायचे आणि बाकावर पेपर सोडून जायचे. तुम्ही ते उचलून आणायचे. कधी अर्धं पान, कधी नुसती कडा, कधी भज्यांच्या तेलानं पलीकडचं दिसायला लागलेलं. गुजराती असलं तर तिकीटबाबूकडून वाचून घ्यायचे, इंग्रजी असलं तर ड्रायव्हरसाहेबाला विचारायचे, आणि तो काय म्हणाला ते निम्मं समजायचं, निम्मं तुम्ही आपल्या पदरचं घालायचे. शिवाय आजचा पेपर परवा आणि परवाचा आज, असा क्रम. म्हणून त्या खुनावर तुम्ही रचत होता त्या पोवाड्यात पहिल्या चौकात शेठजी मेले आणि चौथ्या चौकात ते स्वतः कोर्टात साक्ष द्यायला उभे राहिले. मी तेव्हा अकरा वर्षांची, मराठी चौथीत. मी म्हटलं, "आबा, हे मेलेत ना?" तुम्ही म्हणालात, "पेपरात आलंय. छापल्यालं खोटं आसतंय व्हय?" मग दुसऱ्या दिवशी तुम्ही साक्षीला त्यांचा भाऊ उभा केलात. पण वहीत शाईनं लिहिलं गेलं होतं, आणि शाई खोडायची नाही हा शाळेचा नियम मी तुम्हालाही लावला होता.

कुसगावच्या घरात तुम्ही चुलीपुढं बसलेले आहात. आई मी दोन वर्षांची असतानाच गेलेली, तेव्हा भाकरी तुम्हीच थापता. काठवटीत पीठ मळता मळता मध्येच पिठाळ बोटांनी काठवटीवरच ठेका धरता, एक ओळ म्हणता, आणि मी ती वहीत उतरवून घेते. तुमचं वाचन बरं होतं, अक्षर मात्र कोंबड्यानं उकरल्यासारखं, म्हणून लिहिणं माझ्याकडे. त्या दिवशी तुम्ही अडलात. तवा तापला तरी भाकरी हातातच. "हितं लंगडतंय गं," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, काय लंगडतंय. "फितूर न्हाई ह्याच्यात. फितुराबिगर पोवाडा व्हतोय व्हय? गड काय आपसूक पडतोय? कुनीतरी आतनं दिंडी उघडल्याबिगर वैरी आत कसा यील?" गडकिल्ल्यांच्या पोवाड्यांवर वाढलेले तुम्ही. मोटारीतला माणूस मारायला दिंडी उघडावी लागत नाही, हे तुमच्या डोक्यात शिरायला तयारच नव्हतं. मी म्हटलं, पेपरात तर फितूर नाही. "पेपरवाल्यास्नी गावला नसंल," तुम्ही म्हणालात. "कोन करावा?"

आणि मी, वही गुडघ्यावर धरलेली, वर न बघता म्हणाले, "तुंगार्लीची माळीण करा."

तुम्हाला ते आवडलं. डोळे मिटून तुम्ही तीनचार वेळा काठवटीवर थाप मारलीत आणि ओळ आली: 'तुंगार्लीच्या टेकडीवरती माळीण झाली फितूर, दिवा ठेवला खिडकीमध्ये, वैरी नव्हता दूर.' ती गाणारी बाई आधी तुंगार्लीच्या एका बंगल्यात लपली होती, असं तुम्ही मागच्याच चौकात रचलं होतं, कारण लपायला दुसरी जागा तुम्हाला माहीत नव्हती. माळीण त्यात चपखल बसली. तेव्हा तुंगार्लीत बंगले मोजकेच, आणि बंगल्यातच राहणारी माळीण सगळ्या तुंगार्लीत एकच होती, आपली मावशी. तुमच्या ध्यानात हे कसं आलं नाही, असं लोकांनी नंतर तुम्हाला शंभरदा विचारलं. मला माहीत आहे कसं आलं नाही ते. तुम्ही तिला जन्मात कधी माळीण म्हटलं नव्हतं. ती तुम्हाला भाऊ म्हणायची, दिवाळीत ओवाळायची, नवरा गेल्यापासून मुंबईच्या एका कुटुंबाची बाग राखून एकुलत्या लेकीला वाढवत होती. तिच्या लेकीला मी आक्का म्हणायचे. तुमच्या लेखी मावशी म्हणजे बहीण. माळीण ही पोवाड्यातली कुणीतरी दुसरी.

पुण्याच्या एका छापखान्यानं ते चोपडं छापलं. छापखान्यात मोटारीचा ठसा नव्हता, म्हणून वर आगगाडीचं चित्र टाकलं, आणि गाणाऱ्या बाईच्या जागी हातात वीणा घेतलेली सरस्वती. चोपडं बघून निम्मा मावळ म्हणायला लागला की खून आगगाडीत झाला, आणि उरलेला निम्मा सरस्वतीला हात जोडून मगच पान उलटायचा. पण ते खपलं. बाजारात, जत्रेत, स्टेशनावर लोक मागून घ्यायचे. शेवटच्या चौकात रिवाजाप्रमाणे शाहिराचं नाव आणि गाव होतं, त्यामुळे लोक तुम्हाला बघायला यायचे. तुम्ही गाडी गेली की बत्ती खाली ठेवून दोन ओळी म्हणून दाखवायचे. तेवढे चार महिने तुम्ही जितके खूश होता तितकं मी तुम्हाला आधी किंवा नंतर पाहिलं नाही.

मग तो तंबू आला. बाजारच्या दिवशी भर दुपारी, आतून काळं कापड लावलेला, मुक्या सिनेमाचा. बाहेर पाटी, 'मुंबईचा भयंकर खून'. आत जी फिल्म होती ती विलायतेतली कुठलीतरी जुनी, तिचा खुनाशी संबंध नव्हता आणि तिला शेवटही नव्हता. पडद्यापाशी वेताची काठी घेऊन एक सांगणारा उभा, त्याच्या हातात तुमचं चोपडं. पडद्यावर बर्फ पडायला लागला. कुणीतरी ओरडलं, "मुंबईत हे काय पडतंय वं?" सांगणारा अडखळला नाही. म्हणाला, "गिरणीला आग लागली होती, मंडळी, कापूस उडतोय!" लोकांना पटलं. मीसुद्धा मान हलवली. तुम्ही माझ्या शेजारी उकिडवे बसला होता, आणि तुमचीच ओळ दुसऱ्याच्या तोंडून येते आहे म्हणून तुमच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पुढच्या रांगेत मावशी बसली होती, आक्का बसली होती, आणि त्यांच्या मधोमध बेगडेवाडीकडचे पाहुणे. आक्काची सुपारी फुटली होती. मुलाची आई आणि चुलता बाजाराला आले होते, म्हणून मावशीनं मोठ्या हौसेनं त्यांना खेळ बघायला आणलं होतं.

पडद्यावर एका गोऱ्या मडमेनं खिडकीत दिवा ठेवला. डोक्यावर लोकरी टोपी, गळ्यात कसल्यातरी जनावराचं कातडं. काठीचं टोक तिच्या नाकावर टेकलं आणि सांगणारा गरजला, "ही बघा! हीच ती तुमच्या लोणावळ्याची, तुमच्या तुंगार्लीची माळीण!" आबा, सगळा तंबू वळला. मडम पडद्यावर तशीच उभी आणि माणसं बघतायत नऊवारीतल्या मावशीकडे. आधी कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. मावशीला काही कळलं नव्हतं. तिला वाटलं, आपला पदर पडलाय, आणि ती पदर सारखा करायला लागली. मुलाचा चुलता उठून बाहेर गेला. तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात की बांगडी पिचली.

आठ दिवसांत निरोप आला. मध्यस्थ तुमच्याच ओळखीचा, मान खाली घालून बोलला, "पोरगी लक्षुमी हाय. पर आईनं दिवा दावला म्हनत्यात. आमच्या घरात आसलं रगात नगं, आसं म्हातारं म्हनतंय." आता म्हाताऱ्याला कोण सांगणार की दिवा दाखवणारी मडम होती आणि मडमेच्या देशात कापूस आकाशातून पडतो. मुलगी सुपारी फुटून परत आली की तिच्याकडे दुसरं कुणी बघत नसे, त्या काळात तर नाहीच.  बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसून आक्का दिवसभर कुठल्यातरी झाडाची पानं खुडत राहिली.

मावशी आपल्या घरी आली ती अंगणात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. "भाऊ," ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. माझ्याबद्दल काय लिवलंय ते मला वाचून दावा." तुम्ही चोपडं हातात घेतलंत आणि तुम्हाला अक्षर दिसेना. मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तू वाच, बाय." मी वाचलं. वर्गात कविता वाचतात तसं, प्रत्येक शब्द सुटा, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं वाचायला मला येत नव्हतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "त्या खिडकीला तावदान न्हाई, भाऊ. वारं भनानतं. दिवा घटकाभर टिकायचा न्हाई तितं." एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं, "माझंच का?" तुम्ही एकदाही माझ्या दिशेला बघितलं नाही. म्हणालात, "माझी मती फिरली, बाई. माझंच चुकलं. म्या लिवलं." मी तिथंच उभी होते, चोपडं हातात. मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने तुम्ही काय काय केलंत! छापखान्यात गेलात, तर मालक म्हणाला, "शाहीर, फितूर काढला तर पोवाड्यात उरलं काय? नुसती मोटार?" लोणावळ्याच्या बाजारात उभं राहून माळिणीवाचून पोवाडा गायलात, तर लोक ओरडले, "माळीण कुटं गेली? माळीण म्हना!" आणि मग त्यांनीच सगळ्यांनी मिळून ती ओळ म्हटली, चालीसकट. तुम्ही डफ छातीशी धरून उभे राहिलात. मग तुम्ही मला घेऊन बेगडेवाडीकडे त्या मुलाच्या गावी गेलात, देवळापुढं गाव गोळा केलंत, खंडोबाचा भंडारा तळहातावर घेतलात आणि शपथ वाहिलीत, की ही माळीण खोटी, ही माझ्या डोक्यातनं आली. मुलाचा आजा, निरोपातलं ते म्हातारं, ओट्यावर तंबाखू मळत बसलं होतं. शांतपणे म्हणालं, "कायबी नसतं तर भंडारा कशापायी उचलला आसता? जितं शपथ, तितं पानी मुरतंय." गावानं माना हलवल्या. तुमच्या हातावरचा भंडारा घामानं ओला झाला होता. वाटेत तुम्ही माझ्याशी अक्षरही बोलला नाहीत. मला वाटलं, आता सांगाल, आता म्हणाल, तूच म्हणाली होतीस ना. पण तुम्ही फक्त एकदा थांबून माझ्या पायातला काटा काढलात.

घरी आल्यावर तुम्ही पुन्हा काठवट घेतलीत. पीठ नव्हतं त्यात. रिकाम्या काठवटीवर ठेका धरलात, आणि मला वही आण म्हणालात. "त्येंचं बरूबर हाय," तुम्ही म्हणालात. "पोवाड्याला फितूर लागतोच. काढून भागायचं न्हाई. बदलाया पायजे." मी विचारलं, आता कोण. तुम्ही म्हणालात, "लिही," आणि सांगितलंत: 'लोणावळ्याच्या सांध्यावरती उभा राहिला सांधेवाला, हिरवी बत्ती दावून त्यानं वैऱ्याला रस्ता दिला.' मी लिहिता लिहिता थांबले. लोणावळ्यात सांधेवाले पुष्कळ, पण पोवाडा म्हणणारा एकच. मी म्हटलं, "आबा, लोक तुम्हालाच म्हणतील." "मंग? म्हनू द्या की." मी रडायला लागले तर म्हणालात, "शाई पसरंल. नीट लिही."

त्याच देवळापुढं, तेच गाव, दुपारची वेळ. मागं तुमचे दोन झीलकरी, दोघं रेल्वेतलेच. तुम्ही गायलात ते माझ्या कानात अजून आहे. आवाज कुठं चिरकला नाही, मुद्दाम रडवा केला नाहीत. सांधेवाल्याची ओळ आली, हिरवी बत्ती आली, आणि 'जी जी रं जी' म्हणायच्या जागी मागचे दोघं गप्प.  मग तुम्ही आपली झील आपणच म्हटलीत. शेवटच्या चौकात रिवाजाप्रमाणे शाहिराचं नाव येतं, तसं तुमचं नाव आलं, गाव आलं, काम आलं, आणि तेच फितुराचं.  मुलाच्या आज्यानं तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाला, "हां! आता खरं बोलला. मागल्या टायमाला ह्येच लपवीत व्हता." आणि गाव एकदम मोकळं झालं. बायका मान हलवायला लागल्या, बिचाऱ्या माळिणीवर काय पण आळ घेतला मेल्यानं. मला हसू की रडू कळेना. भंडारा हातावर घेऊन खरं सांगितलं ते खोटं ठरलं, आणि डफावर थाप मारून खोटं सांगितलं ते खरं.

आक्काचं लग्न ठरल्या घरीच झालं. तुम्ही आला नाहीत. कसे येणार, फितूर मांडवात दिसला असता तर पुन्हा चर्चा. मी एकटी गेले, तुम्ही दिलेलं लुगडं घेऊन, आणि ते कुणी दिलं हे मी सांगायचं नाही असं ठरलं होतं. वरात गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपल्या मागच्या दारानं आली, पदराखाली बुंदीचं पुडकं. तुम्ही म्हणालात, "फितुराच्या घरचं पानी चालंल का, बाई?" ती म्हणाली, "लय बोलू नगा. घ्या." आणि चुलीपाशी बसून तुम्ही दोघांनी ती बुंदी खाल्लीत, मला मधे बसवून. मावशी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती ते पुसत नव्हती. तेव्हाही मी बोलले असते तर चाललं असतं. मी बुंदी खाल्ली.

तुमच्या वाट्याला मात्र आलं ते आलंच. नवीन पोवाडा कुठल्या छापखान्यानं छापला नाही, पण तो तोंडातोंडी पसरला, आणि तोंडाला ठसेही लागत नाहीत. पुढच्या हंगामात तमाशाच्या एका फडानं तुमचं सोंग आणलं. त्यात तुम्ही एका डोळ्यानं काणे आणि दोन बायकांचे दादले. स्टेशनावर तुम्ही बत्ती उचलली की पोर्टर म्हणायचे, "शाहीर, आज कुनाचा नंबर?" तुम्ही म्हणायचे, "तुजाच. नीट उभा ऱ्हा." शाळेत पोरी मला फितुराची म्हणायच्या. मी घरी येऊन तुमच्यावर चिडायचे, कडी आपटायचे, जेवायचे नाही, आणि तुम्ही भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तूप घालून माझ्यापुढं ठेवायचे. पुन्हा पोवाडा मात्र तुम्ही म्हटला नाहीत. मी एकदा म्हटलं, दुसऱ्या कशावर तरी करा. तुम्ही म्हणालात, "न्हाई गं. आता मी लिवलं की लोकं खरं मानत्यात. भ्या वाटतं."

तर त्या पांढऱ्या बुटांच्या माणसाला मी खोटं का सांगितलं, ते तुम्हाला समजलं असेल. मावशी आता नाही. पण आक्काची थोरली मुलगी लग्नाची आहे, गेल्याच आठवड्यात आक्का दोन ठिकाणांची नावं घेऊन माझा सल्ला विचारायला आली होती. कुणीच फितूर नव्हतं, असं मी त्या माणसाला सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं? मुद्दाम 'नाही' म्हणून सांगितलं की झाकपाक वाटते, हे आपण शिकलो आहोत. त्यानं वही मिटली असती आणि खिडकीचा फोटो काढून माळीण छापली असती. म्हणून मी सांधेवाला म्हटलं. आणि माझे वडील असंही म्हटलं, ते त्यानं विचारलं नव्हतं. ते मी आपणहून सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला ते म्हणताना बरं वाटलं.

उजेड कमी होत आला. एक सांगायचं राहिलंय, त्यासाठीच खरं तर बसले होते.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही मला विचारलं होतं. मी पुण्याहून, ट्रेनिंग कॉलेजातून रजा काढून आले होते. ताप उतरला होता, तुम्ही भिंतीला टेकून बसला होता, मी पेज गार करत होते. तुम्ही एकदम म्हणालात, "येक इचारू? तवा मी फितूर कोन इचारलं, तर तुझ्या तोंडात माळीणच कशी आली?" पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. मी वाटीकडे बघत म्हटलं, "सहज." तुम्ही वाटी हातात घेतलीत. मग म्हणालात, "सहजच आसंल. ल्हान व्हतीस." आणि पेज प्यायलात. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

सहज नव्हतं, आबा. दर रविवारी मी तुंगार्लीला जायचे ते तुम्हाला वाटायचं तसं आक्काशी खेळायला नाही. मावशी आक्काच्या डोक्याला तेल लावून तिची वेणी घालायची, आणि मग मला पुढ्यात ओढून माझी. गुडघ्यात घट्ट धरून, गुंता निघेस्तोवर. तुमच्या हातून वेणी पडत नव्हती, तुम्ही दोरी वळल्यासारखी वळायचे. तो पोवाडा अडला त्या रविवारी सकाळी मी गेले, तर आक्काला बघायला माणसं यायची होती. आक्काच्या केसांत अबोलीचा गजरा होता. मी फणी हातात घेऊन उभी राहिले. मावशी घाईत होती, म्हणाली, "आज नगं, बाय. आज घरी जा. आज माझ्या लेकीचा दिस हाय." रागावली नाही, वाईट काही बोलली नाही. मी तशीच मोकळ्या केसांनी तुंगार्लीहून कुसगावपर्यंत चालत आले, आणि तुम्ही काठवटीवरून मान वर करून मला विचारलंत, कोन करावा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, वाचायला कुणी नाही. तरी लिहिते. तुमच्यावर, मावशीवर, आक्कावर जे आलं ते एवढ्याशा कारणानं आलं. त्या सकाळपर्यंत मला वाटत होतं की तिची लेक मीसुद्धा आहे.